स्टॅबिलायझर घेण्याआधी: घरातली, शेतावरची आणि वर्कशॉपमधली ‘खराब लाईट’ कशी ओळखायची

संध्याकाळी दिवा मंद झाला की माणूस वैतागतो. तोच दिवा अचानक लख्ख उजळला तर कुणाचं लक्षही जात नाही, उलट बरंच वाटतं. खरं तर घाबरायला हवं ते या दुसऱ्या वेळी. मंद दिव्याने सहसा फक्त चिडचिड होते, पण विनाकारण उजळलेल्या दिव्यापाठोपाठ पुढच्या दहा मिनिटांत टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि फ्रिजचं कार्ड जळालेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

“व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, कोणता स्टॅबिलायझर घेऊ?” असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतो. मी उलट विचारतो, किती व्होल्टेज आणि किती वाजता? समोरून बहुधा एवढंच येतं, “डाऊन असतं हो.” ‘लाईट खराब आहे’ या एका वाक्यामागे निदान सात-आठ वेगवेगळे बिघाड असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, आणि काही वेळा उलटाच पडतो. म्हणून आधी आठवडाभर मोजायचं आणि पैसे मग काढायचे. ते कसं, हे पायरीपायरीने सांगतो.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. सॉकेटमध्ये मीटर लावून आकडा वाचणं हे तुमचं काम. डीबी, म्हणजे घरातला एमसीबींचा डबा, उघडून स्क्रू आवळणं परवानाधारक वायरमनचं. पोलवरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर, पोल आणि डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) वीज कंपनीची. डीपीवर लांब काठीने डीओ (वरचा फ्यूज) बसवणारे हौशी लोक गावोगाव असतात आणि त्यातले काही घरी परत येत नाहीत.

पहिली पायरी: मीटर आणि वही

सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर काहीशे रुपयांत मिळतो. घरासाठी तेवढा पुरतो. वर्कशॉप असेल तर चांगल्या कंपनीचा मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर घ्या, त्यावर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं आहे ना ते बघा. साधा मीटर ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) किंवा एलईडीच्या लोडवर करंट चुकीचा दाखवतो. खिशातल्या टेस्टरवर मात्र भिस्त ठेवू नका. त्याचा दिवा १२० व्होल्टला लागतो तसाच ३५० व्होल्टलाही लागतो. फेज आहे एवढंच तो सांगतो, किती आहे ते नाही.

आता आकडे. आपल्याकडे सिंगल फेजचं ठरलेलं व्होल्टेज २३० आहे आणि लो टेन्शनला (घरं-दुकानांच्या लाईनला) त्यात ६ टक्के वर-खाली चालतं. म्हणजे साधारण २१६ ते २४४. थ्री फेजला दोन फेजमधलं व्होल्टेज ४०० धरलं तर ३७६ ते ४२४. यात बसत असेल तर तुमची लाईट ‘खराब’ नाही, दोष दुसरीकडे शोधा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीवरून ४३३ व्होल्टवर उतरवणारा असतो, म्हणजे लोड नसताना एका फेजला २५० व्होल्ट. लाईनच्या शेवटच्या घराला निदान २१६ मिळावेत म्हणून सुरुवातच अशी वरून केलेली असते. त्यामुळे डीपीला लागून घर असेल तर रात्री दोन वाजता २४५-२४८ दिसणं अगदी नेहमीचं आहे.

वहीत सात दिवस, दिवसातून चार वेळा नोंद करायची: सकाळी साडेसहा-सातला, दुपारी, संध्याकाळी आठच्या सुमारास आणि झोपण्याआधी. शक्य असेल तर एखाद्या रात्री दोनचीही. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज, आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं. पाऊस, वारा, शेजारची पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान हेही टिपून ठेवा. पुढे वीज कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही वजनदार ठरते.

दुसरी पायरी: बिघाड घरातला की बाहेरचा?

याला गिझर पुरतो. दोन किलोवॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर करंट घेतो. गिझर बंद असताना मीटरजवळच्या सॉकेटवर आकडा घ्या, मग चालू करून पुन्हा घ्या. समजा २३१ वरून २२८ झालं. हे तीन व्होल्ट बाहेरच्या लाईनमध्ये आणि मीटरपर्यंतच्या वायरीत गेले, ठीक आहे. आता बाथरूमजवळ, त्याच गिझरच्या सर्किटवर मोजा. तिथे २१६ दिसलं तर २२८ आणि २१६ मधले १२ व्होल्ट घरातल्या घरात गेले.

१२ व्होल्ट जास्त का? हिशेब करून बघू. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. गिझर डीबीपासून २५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर वायर, म्हणजे ०.६ ओहम. गुणिले ८.७ अँपिअर, की सव्वापाच व्होल्ट. (गिझरला दीडची वायर टाकणाऱ्याला मी तरी काम देणार नाही, अडीचची हवी. पण जुन्या इमारतींत दीडचीच सापडते.) सव्वापाच वायरीने खाल्ले. उरलेले पावणेसात कुठे गेले? कुठल्या तरी सैल जोडात. पावणेसात व्होल्ट आणि ८.७ अँपिअर यांचा गुणाकार सुमारे ५९ वॅट येतो. चांगली सोल्डरिंग गन तापायला एवढी वीज लागते, आणि इथे ती भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या बोर्डात तापते आहे. मीटरवर हा फक्त कमी व्होल्टेजचा आकडा दिसतो. वास आणि काळा पडलेला सॉकेट नंतर येतो.

अशा वेळी स्टॅबिलायझर लावणं म्हणजे जळत्या जोडावरून आणखी करंट ओढणं. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. बाहेर २३० द्यायचे आणि आत १८० मिळतात, तर तो आतून तितका जास्त करंट घेतो. म्हणून आधी वायरमनकडून मीटरपासून डीबी, डीबीपासून सॉकेट असे सगळे स्क्रू आवळून घ्या. पाचशे-हजार रुपयांत होणारं हे काम लोक दहा हजारांचा डबा आणून झाल्यावर करतात.

जाता जाता एक: बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत असेल तर तो व्होल्टेजचा दोष नाही. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, नाहीतर बटणातल्या इंडिकेटरमधून थोडा करंट झिरपत असतो.

तिसरी पायरी: न्यूट्रल

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा.

आपल्या गल्लीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. कुणाचं घर आर फेजवर, कुणाचं वाय, कुणाचं बी. सगळ्यांचा करंट परत जातो तो एकाच न्यूट्रलमधून. पोलवर, सोसायटीच्या मीटर पॅनेलमध्ये किंवा डीपीच्या स्टडवर हा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर दिवे जात नाहीत. तिथेच खरा घोळ आहे. फेज शाबूत असतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या माळेत येतात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात.

वाटणी न्याय्य नसते. एका घरात १००० वॅटचा हीटर चालू आहे, दुसऱ्यात टीव्ही आणि दिवे मिळून १०० वॅट. हीटरचा रोध सुमारे ५३ ओहम, दुसऱ्या घराचा ५२९. चारशे व्होल्ट या प्रमाणात विभागले की हीटरवाल्याला मिळतात ३६ व्होल्ट आणि टीव्हीवाल्याला ३६४. ज्याने कमी वीज वापरली त्याचंच सामान जळतं. एमसीबी पडत नाही, कारण तो करंट बघतो, व्होल्टेज नाही. आरसीसीबीही पडेल याची खात्री नाही, कारण त्याचं काम गळती पकडण्याचं, ३० मिलीअँपिअरच्या हिशेबाने माणसाला वाचवण्याचं.

ओळखायचं कसं? थ्री फेज कनेक्शनच्या घरात एका खोलीत गिझर लावला की तिथला पंखा मंदावतो आणि दुसऱ्या खोलीतला दिवा उजळतो. एका फेजचं व्होल्टेज उतरताना दुसऱ्याचं चढतं, ही न्यूट्रलची खूण. नुसती लाईन कमकुवत असेल तर दुसऱ्या फेजवर असा फरक जाणवत नाही. सोसायटीत शेजारी “आमच्याकडे फारच डाऊन आहे” म्हणतो आणि तुमच्याकडे २६५ दिसतात, हीसुद्धा तीच गोष्ट. न्यूट्रल-अर्थमधला आकडा एरवी एक-दोन-तीन व्होल्ट असतो. तो दहा-पंधराच्या पुढे नाचू लागला तर वही बाजूला ठेवून हालचाल करा. सिंगल फेज घरात तुमच्याच सर्व्हिस वायरीचा न्यूट्रल तुटला असेल तर प्रकार वेगळा: सगळं बंद, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो.

त्या क्षणी करायचं एकच, मेन स्विच खाली. टीव्हीचा प्लग काढू, फ्रिजचं बघू, यात वेळ घालवू नका. मग सोसायटीत सगळ्यांना मेन बंद करायला सांगा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा.

आणि तोपर्यंत काम भागवायला अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरू नका. हा जुगाड खेड्यात सर्रास होतो. दिवा लागतो, हे खरं. पण अर्थिंगचा खड्डा कोरडा असला की घरातल्या फ्रिजची, मोटारीची, पत्र्याच्या कूलरची बॉडी करंट धरते आणि पहिला हात बहुधा लहान मुलाचा लागतो.

न्यूट्रल सैल होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळा देऊन जोडणं. दोन धातू, त्यात पावसाचं पाणी, की दोन-तीन पावसाळ्यांत जोड पांढुरका होऊन फुलतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. बायमेटॅलिक लग किंवा योग्य कनेक्टर लावणं हा उपाय, आणि तो दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी तपासून घ्यायचा. संरक्षण म्हणून डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७०-१८०, आणि लाईट परत आल्यावर चालू होण्याआधी तीन मिनिटांचा उशीर. घरासाठी एकच उपकरण घ्यायचं म्हटलं तर मी स्टॅबिलायझरऐवजी हेच सुचवीन. थ्री फेज घराला थ्री फेजचं घ्या.

चौथी पायरी: कमी व्होल्टेज आणि शेतपंप

वहीत सकाळी आणि संध्याकाळी १९०-२०० आणि मध्यरात्री २४० असा नियमित चढउतार दिसला, तर लाईन लांब आहे किंवा डीपीवर लोड जास्त आहे. घरातला पंखा मंद फिरतो, एवढ्यावर भागतं. शेतपंपाचं मात्र भागत नाही. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४१५ ची मोटार ३४० वर चालवली तर व्होल्टेज १८ टक्क्यांनी कमी झालं, पण ताकद उरली ६७ टक्के. विहिरीची खोली तेवढीच, पाणी तेवढंच. मोटार ते काम जास्त करंट घेऊन रेटते आणि वाइंडिंग तापतं. इन्शुलेशनच्या बाबतीत ढोबळ नियम असा की दर १० अंश जादा तापमानाला आयुष्य निम्मं होतं.

यात शेतकऱ्यांनी स्वतःच स्वतःवर ओढवलेली एक गोष्ट आहे: ऑटोस्विच. रात्री लाईट आली की उठायला नको म्हणून तो लावतात. रात्रीच्या पाळीत थंडीत, बिबट्याच्या भीतीत शेतावर जायचं कुणाला आवडेल, त्यामुळे लावणाऱ्याला मी दोष देत नाही. पण होतं काय, की लाईट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहा-सातपट करंट घेते. व्होल्टेज इतकं कोसळतं की एकही मोटार धड वेग घेत नाही, सगळ्या गुरगुरत राहतात आणि डीओ उडतो. वारंवार झालं की डीपीच जळतो आणि ऐन उन्हाळ्यात पीक पाण्यावाचून राहतं. ऑटोस्विच काढता येत नसेल तर निदान डीपीवरच्या लोकांनी बसून त्यात उशिराची वेळ ठरवून घ्यावी. कुणाचा दोन मिनिटांनी, कुणाचा चार, कुणाचा सहा.

कपॅसिटर हा दुसरा उपाय. पाच एचपीच्या मोटारीला साधारण दोन केव्हीएआरचा लागतो. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटतो. एकट्याने लावून तुमच्या व्होल्टेजमध्ये फारसा फरक पडणार नाही. पण डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर लाईनवरचा निरुपयोगी करंट उतरतो आणि शेवटच्या टोकाला फरक स्पष्ट दिसतो.

पाचवी पायरी: गेलेला फेज आणि डावे-उजवे फेज

चालू मोटारीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि त्यांतून साधारण पावणेदोनपट करंट ओढते. जळालेली मोटार रिवाइंडिंगला नेल्यावर स्टेटर उघडताना शेजारी उभे राहा. स्टार जोडणीच्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या स्वच्छ असतील, तर मोटार सिंगल फेजिंगने गेली. डेल्टामध्ये उलट, एक काळा आणि दोन स्वच्छ. सगळं वाइंडिंग सारखंच काळवंडलेलं असेल तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा अडकलेला पंप. कारण न शोधता मोटार तशीच भरून आणली तर ती पुन्हा जळते, आणि भरणाऱ्याला शिव्या मिळतात.

तीन फेजचे आकडे न्यूट्रलशी मोजताना एकावर २३० आणि दोनांवर ११५ च्या आसपास दिसलं तर डीपीच्या वरच्या, ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ उडालेला असण्याची शक्यता मोठी. एकावर शून्य आणि दोनांवर पूर्ण असेल तर खालच्या बाजूचा फ्यूज किंवा जंपर गेला. तक्रार करताना हे आकडे सांगितले तर लाईनमन योग्य सामान घेऊन येतो, एक फेरी वाचते.

पुरा फेज न जाता तिघांत फरक असणं, हा जास्त फसवा प्रकार. ४१०, ४०२ आणि ३८८ असे आकडे आले. सरासरी ४००, सर्वात दूरचा आकडा १२ ने दूर, म्हणजे असमतोल ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्होल्टेजमधला असमतोल मोटारीच्या करंटमध्ये सहा ते दहापट होऊन उतरतो. एका फेजवर २० टक्के जादा करंट म्हणजे त्या फेजचं वाइंडिंग कायम तापलेलं. एक टक्क्यापर्यंत निर्धास्त, त्यापुढे मोटारीवरचा लोड कमी करायचा, आणि पाच टक्क्यांच्या वर चालवायचीच नाही. वर्कशॉपमध्ये असमतोल दिसला तर आधी आपलीच सिंगल फेजची वेल्डिंग मशीन, एसी आणि दिवे एकाच फेजवर कोंबलेत का ते बघा. दहातल्या सहा वेळा उत्तर तिथेच सापडतं.

उपाय म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर किंवा त्याच कामाचा रिले स्टार्टरमध्ये हवाच. दोन फेजवर मोटार चालवायला कंडेन्सर लावणारे अजून आहेत. पाणी मिळतं, पण मोटारीचं आयुष्य त्याच पाण्यात वाहून जातं.

सहावी पायरी: डोळा मिचकावणारी लाईट

क्षणभर दिवे मंद होतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. घरात कुणाला काही वाटत नाही. कारखान्यात मात्र सगळ्या मशीन एकदम उभ्या राहतात, कारण कॉन्टॅक्टरची (मशीनला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल व्होल्टेज पन्नास-साठ टक्क्यांवर घसरलं की सोडून देते, आणि त्यासाठी दोन-चार सायकल पुरतात. एक सायकल म्हणजे २० मिलीसेकंद. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला विचारा, माग उभा राहिला की तुटलेले धागे जोडण्यात किती वेळ जातो.

अशी डुबकी बहुतेकदा त्याच सबस्टेशनवरच्या दुसऱ्या फीडरवर (तिथून निघणाऱ्या दुसऱ्या लाईनवर) झालेल्या फॉल्टमुळे येते: फांदी पडली, पक्षी बसला, इन्सुलेटर फुटला. तो फीडर सुटेपर्यंत शेजारच्या फीडरचं व्होल्टेजही खाली जातं. तुम्ही किंवा वीज कंपनी हे पूर्ण थांबवू शकत नाही. तरी सगळ्या कारखान्यासाठी यूपीएस घेण्याची गरज नाही. फक्त कंट्रोल सर्किट, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइल एका छोट्या ऑनलाईन यूपीएसवर घ्या. मोठ्या मोटारी अर्ध्या सेकंदाची डुबकी आपल्या वेगाच्या जोरावर काढतात. मात्र खरोखर लाईट गेली तर मोटारी सुटल्या पाहिजेत, म्हणून काही सेकंदांनी सोडणारा अंडरव्होल्टेज रिले सोबत हवा. तो विसरला तर लाईट परत येताना सगळ्या मशीन एकदम सुरू होतील आणि कुणाचा तरी हात आत असेल.

डुबकी नेमकी तुमचाच कॉम्प्रेसर सुरू होताना येत असेल तर दोष बाहेर शोधू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरने लाईनवरचा सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, सॉफ्ट स्टार्टरने आणखी हळुवार सुरुवात होते. दिवा सतत थरथरत असेल तर शेजारी वेल्डिंग किंवा गिरणी आहे का ते पाहा आणि त्यांच्या कामाच्या वेळा वहीशी ताडून बघा.

सातवी पायरी: वीज पडणं आणि क्षणिक फटका

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या सरींत राउटर, सीसीटीव्हीचा डबा आणि सोलर इन्व्हर्टर जळतात. वीज थेट घरावर पडायलाच हवी असं नाही, दूर लाईनवर पडली तरी हजारो व्होल्टचा फटका काही मायक्रोसेकंदांत तारेतून येतो. स्टॅबिलायझरच्या रिलेला हे कळेपर्यंत काम झालेलं असतं.

यासाठी डीबीत एसपीडी, म्हणजे असा फटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण, बसवतात, घरगुती डीबीला टाइप टू. दोन अटी. अर्थिंग चांगलं हवं, कारण फटका जाणार कुठे तर तिथेच. आणि एसपीडीला जोडणारी वायर अर्ध्या मीटरपेक्षा आखूड हवी. लांब वायर गुंडाळी करून ठेवलेली मी बऱ्याच डीबींत पाहिली आहे, त्या एसपीडीचा निम्मा उपयोग संपलेला असतो. त्यावरच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो बदलायचा. स्वस्त स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर (फटका झेलणारा भाग) दर फटक्याला थोडा थोडा झिजतो, आणि तो संपला हे बहुतेक स्पाइक गार्ड सांगत नाहीत. गडगडाट सुरू होताच प्लग आणि केबल काढून ठेवणं आजही सगळ्यात खात्रीचं. वादळ डोक्यावर आल्यावर मात्र हात लावू नका.

आठवी पायरी: हार्मोनिक्स, फक्त वर्कशॉपवाल्यांसाठी

घरवाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल. ड्राइव्ह, एलईडी, संगणक, यूपीएस हे लाईनमधून सलग लाटेऐवजी तुकड्या-तुकड्याने करंट घेतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या पटीतले, १५०, २५०, ३५० हर्ट्झचे करंट वाहू लागतात. खूण अशी: तिन्ही फेज समान लोड केलेत, तरी न्यूट्रल गरम. कारण १५० हर्ट्झचे तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, बेरीज होते. दुसरी खूण म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) सुधारणाऱ्या पॅनेलमधले कपॅसिटर फुगणं, फुटणं. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून २५० किंवा ३५० हर्ट्झच्या आसपास सूर धरतात आणि करंट कैकपट वाढतो. असं झालं तर तेच कपॅसिटर पुन्हा पुन्हा बदलू नका. ७ टक्के रिअॅक्टर जोडलेले डीट्यून्ड पॅनेल घ्या, त्याचा सूर १८९ हर्ट्झवर जातो आणि २५० पासून लांब राहतो.

हे अंदाजाने करायचं काम नव्हे. क्लास ए पॉवर क्वालिटी अॅनालायझर भाड्याने आणून सात दिवस लावा. लो टेन्शनला व्होल्टेजमधली एकूण विकृती ८ टक्क्यांच्या आत असावी, असा सर्वमान्य दंडक आहे. आणि केव्हीएएच बिलिंग (कामी आलेल्या नव्हे, ओढलेल्या सगळ्या विजेवर बिल) लागू असेल तर पॉवर फॅक्टर खालावला की युनिटच जास्त मोजले जातात, वेगळा दंड शोधायला बिल चाळावं लागत नाही.

नववी पायरी: छतावर सोलर असेल तर

गेल्या काही वर्षांत नवी तक्रार येते: भर दुपारी, कडक उन्हात सोलर इन्व्हर्टर ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. गल्लीत वापर कमी आणि सगळ्यांची छतं वीज बाहेर ढकलताहेत, मग व्होल्टेज चढतं. आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल तपासा. ती बारीक असेल तर इन्व्हर्टरच्या टोकाला मीटरपेक्षा पाच-सात व्होल्ट जास्त दिसतात, जाड केबलने काम होतं. मीटरवरच २५० च्या वर असेल तर वीज कंपनीला डीपीचा टॅप (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायची जोडणी) तपासायला सांगा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ती सोय असते. बसवणारा माणूस इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. इन्व्हर्टर बंद पडणार नाही, पण ते वाढीव व्होल्टेज तुमच्या आणि शेजाऱ्याच्या फ्रिजलाही मिळेल.

दहावी पायरी: आता खरेदी

वही भरली, जोड आवळले, न्यूट्रल नीट आहे, प्रोटेक्टर बसला, आणि तरीही रोज संध्याकाळी १८०-१९० असेल, तर स्टॅबिलायझर घ्या. तोही सगळ्या घरासाठी नको, एसी आणि फ्रिजपुरता. पाकिटावरचा ‘१७० ते २७०’ आकडा तुमच्या वहीतल्या सर्वात खालच्या आकड्याशी ताडा. १५५ पर्यंत जात असेल तर १७० वाला दर संध्याकाळी नुसता टकटक करत बंद-चालू होईल. छपाई, सीएनसी अशा मशीनला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, तो हळू पण सलग सावरतो. क्षणिक डुबकीसाठी मात्र दोन्ही बिनकामाचे, तिथे यूपीएसच लागतो. साधा यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलीसेकंद घेतो, संगणकाला ते चालतं. ऑनलाईन यूपीएसमध्ये तो खंडच नसतो.

दोष बाहेरचा ठरला तर लेखी अर्ज शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. फोनवरच्या तक्रारीचा नंबर वहीत लिहा. अर्जात ‘व्होल्टेज कमी येते’ असं मोघम लिहू नका. ग्राहक क्रमांक, डीपीचा किंवा पोलचा क्रमांक, सात दिवसांच्या नोंदी, आणि मागणी स्पष्ट: मीटरच्या टोकाला व्होल्टेजची नोंद घेऊन २१६ ते २४४ च्या मर्यादेत आणावे. वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांत अशा दुरुस्तीला मुदत ठरलेली आहे आणि ती चुकली तर भरपाईचीही तरतूद आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल, ही वाट विद्युत कायदा २००३ नेच दिली आहे. वकील लागत नाही. वहीची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत घरीच ठेवा.